उचललेला वाटा

"बघत काय बसलीस? उचल की," मामंजी म्हणाले. "थोरलीनं वाटे केलेत. आता धाकटीनं उचलायचा. रीत हाय ती."

आमच्या अंगणात जांभळीच्या झाडाखाली स्ट्रॉबेरीच्या रोपांचे क्रेट दोन बाजूंना रचून ठेवले होते. पिशव्या सारख्या, माती सारखी, मोजदादही सारखी. डावीकडची रोपं हिरवीगार, पानांनी डवरलेली. उजवीकडची बोडकी, कारण लावणीआधी छाटतात तशी त्यांची जुनी पानं मीच आदल्या दिवशी कात्रीने छाटली होती. मधोमध माझी धाकटी जाऊ वैजू पदर खोचून उभी होती आणि रोपांकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"माझं ऐकशील तर तो हिरवा वाटा घे," मी म्हणाले.

हे मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. साक्षीला दोन शेजारी बोलावले होते, त्यांच्याही कानावर जावं म्हणून. वैजूच्या कपाळाला आठी पडली. मला ती आठी चांगली ओळखीची होती आणि त्या दिवशी मला ती हवीच होती.

आषाढापासून आमच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. कारण सांगायला गेलं तर हसू येईल. वैजूची पोर सुमी, पाच वर्षांची. मला मूलबाळ नाही. सुमी मला मोठी आई म्हणायची, माझ्याच कुशीत झोपायची, केसांना तेल माझ्याच हातचं लागायचं. ती शाळेत जायला लागली, तिथे बाईंनी विचारलं, बाळ तुझ्या आईचं नाव काय, तर पोरीनं सांगितलं, "कलावती." म्हणजे माझं. ती गोष्ट गावभर झाली आणि वैजूच्या काळजाला लागली.

"आक्का, पोर माझी हाय," ती मला म्हणाली. "उसनी दिलेली न्हाई."

मीही काही गप्प बसणारी नव्हे. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. "जल्म दिलास म्हंजे झालं व्हय? तिच्या तापात उशाशी कोण बसलं हुतं, इचार तिलाच," असं मी बोलून गेले. एवढं झाल्यावर एका चुलीवर दोघींची भाकरी कशी शिजणार? वैजूने पडवीत दुसरी चूल मांडली. सुमीला ताकीद दिली की मोठी आई म्हणायचं नाही, काकू म्हणायचं. पोर आमच्या उंबऱ्यापर्यंत यायची, हळूच "काकू" म्हणायची आणि पळून जायची. तो शब्द ऐकला की मी हातातलं काम टाकून दारात यायची.

तेव्हापासून मी पूर्व म्हटलं की वैजू पश्चिमेला तोंड करायची. पोरीला स्वेटर घाल म्हटलं तर घातलेला काढायची. रोपांचंही तेच झालं.

आमच्या पठारावर तेव्हा स्ट्रॉबेरी घरोघर होती, पण रोपं सगळ्यांचीच नीट जमत नसत. जूनमध्ये आईरोपं आणायची. त्यांना जमिनीसरपट दोरे सुटतात आणि दोऱ्याच्या टोकाला लेकरू धरतं. ते पिशवीतल्या मातीत टेकवायचं, मूळ धरलं की दोरा कापायचा. आईच्या जवळची, लवकर धरलेली लेकरं बुडाशी जाड होतात. लांबची, उशिरा धरलेली बारीक राहतात. सगळं कसब त्या बुडात आहे. माझ्या सासूबाई भाताच्या तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात वाढलेल्या, स्ट्रॉबेरी त्यांनी उतारवयात पाहिली, पण रोपाचं बूड चिमटीत धरून बघायची सवय मला त्यांच्यामुळेच लागली. करंगळीएवढं बूड असेल तर त्यात फूल आधीच दडलेलं असतं. लावलं, मूळ धरलं की फूल वर येतं. बारीक बुडाचं रोप आधी स्वतः जाड होत बसतं. त्याला फूल यायला संक्रांत उजाडते.

तर लवकर धरलेली रोपं सांभाळायला माझ्याकडे होती. उशिराची दिगूकडे, म्हणजे माझ्या धाकट्या दिराकडे. ती काही केल्या वाढेनात म्हणून दिगू वैतागला. मी वैजूला सांगितलं, त्याला युरिया टाकू देऊ नकोस, नुसती पानं माजतील. झालं! दुसऱ्या दिवशी युरिया पडला. पंधरवड्यात रोपं अशी हिरवी झाली की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. बुडं मात्र जशीच्या तशी, काडेपेटीतल्या दोन-तीन काड्या एकत्र धराव्यात तेवढी.

पण आईरोपं मामंजींनी सामाईक आणली होती. चूल वेगळी झाली तसे ते म्हणाले, रोपांचीही वाटणी करून टाका, रोजची कटकट नको. जमीन मात्र त्यांनी वाटली नव्हती. नुसती लावायला वरचं वावर दिगूला आणि खालचं आम्हाला दिलं होतं.

हे सगळं एकीकडे, आणि दिगूचं भोसरीला जाणं दुसरीकडे. त्याच्या मावसभावाने तिथल्या एका कंपनीत टेम्पोवर जागा बघून ठेवली होती. आदल्या हंगामात आमचं फळ सगळ्यांबरोबर, भर लाटेत आलं होतं. बाजारात कोणी विचारलं नव्हतं. दिगूचं मन तेव्हाच उडालं. तो सगळ्यांसमोर बोलला होता, "दत्तजयंतीपातूर फळ हातात आलं तर ऱ्हातो. न्हाईतर वैजूला आन् सुमीला घिऊन भोसरी गाठतो. वैनी, मग हितलं तुमी बघा."

आमच्या घरात तसं नडलेलं नव्हतं. आमचे हे पाचगणीला एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकी होते, महिन्याचा पगार होता. आमचं फळ संक्रांतीला आलं असतं तरी चाललं असतं. दिगूचं चाललं नसतं.

म्हणून मी वाटे मिसळून केले नाहीत. जाड रोपं सगळी एका बाजूला ठेवली, बारीक सगळी दुसऱ्या बाजूला. अर्धी-अर्धी केली असती तर कोणाचंच धड भागलं नसतं. मामंजींनी विचारलं, "सारखे झालेत का?" मी म्हणाले, "मोजून घ्या." मोजायला ते सारखेच होते.

आणि म्हणून मी त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिरवा घे."

वैजू हिरव्या क्रेटांपाशी गेली. एक पिशवी उचलून बघितली, परत ठेवली. मग बोडक्या रोपांपाशी गेली. मी मनात म्हटलं, उचल बाई, तीच उचल. तोंडावर मात्र मी अशी काही काळजी आणली की जणू माझा जीवच त्या बोडक्यांत अडकलाय. वैजू वाकली, पुन्हा सरळ झाली, माझ्याकडे वळली.

"आक्का म्हनतात तर हिरवाच उचलते," ती म्हणाली.

आणि तिने हिरव्या क्रेटाला हात लावला.

मामंजी म्हणाले, "झालं. उचलला तो उचलला. वाटा काय आहेर न्हवं, पसंत न्हाई म्हणून फिरवायला." शेजाऱ्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि गेले. मी तिथेच उभी. आषाढापासून जिने माझं एक ऐकलं नाही, तिला ऐकायला नेमका तोच दिवस सापडावा!

संध्याकाळी मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते सुट्टीवर आले होते आणि दिवसभर ओट्यावर बसून गंमत बघत होते. त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं.

"अती शहाणा त्याचा बैल रिकामा," ते म्हणाले. "सरळ सांगायचं हुतं की, बोडका घे म्हणून."

"सरळ सांगितलं असतं तर तिनं हिरवा उचलला असता."

"आन् उलटं सांगूनबी हिरवाच उचलला. मग सरळच काय वाईट हुतं?"

मी भाकरी थापत राहिले. तव्यावरची भाकरी करपली, तीही त्यांनीच उलटली.

"उद्या ती लावणीला बसंल," ते मग हळू आवाजात म्हणाले. "रोप एकदा मातीत गेलं की गेलं. त्याच्या आधी जाऊन सांग."

"काय सांगू? खरं सांगितलं तर तिला वाटंल, आता जाड रोपांत काय तरी खोट हाय म्हणून गळ्यात मारायला आली."

"वाटू दे. तू सांग तर."

सकाळी दव वाळायच्या आत मी बोडक्या रोपांचा एक क्रेट डोक्यावर घेतला आणि वरच्या वावरात गेले. दिगू वाईला ठिबकच्या नळ्या आणायला गेला होता. वैजू एकटीच होती. मातीच्या उंच बेडवर काळा प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर अंथरलेला होता आणि ती पत्र्याच्या डब्याने त्याला गोल भोकं पाडत होती. तिचे हिरवे क्रेट बांधावर रांगेने मांडलेले. मला बघून ती थांबली.

"आता काय ऱ्हायलं?" ती म्हणाली.

मी क्रेट खाली ठेवला. "ही घे. तुझी मला दे."

"का?"

"ही चांगली हायत."

वैजूने डबा खाली टाकला. "म्हंजे काल तुमी मला वाईट वाटा दिला?"

"मला तुला चांगलाच द्यायचा हुता!"

"मग वाईट घे कशाला म्हणालात?"

"कारण तू माझं ऐकत न्हाईस!"

"ऐकलं की काल!"

मला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. वैजू मात्र हसली नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"का ऐकलंस गं?" मी विचारलं. "कालच का?"

ती बांधावर बसली. हाताची माती लुगड्याला पुसत म्हणाली, "मला दिसत न्हवतं व्हय, माझी बुडं बारीक हायत ते? तुमच्या बाजूला आठ वर्सं बसलीय मी रोपं निवडायला. पर तुमी चारचौघांत म्हणालात, हिरवा घे. मला वाटलं, युरियानं म्हणा, कशानं म्हणा, ह्यांस्नी त्यात काय तरी दिसलं आसंल, जे मला दिसत न्हाई. आपलं भांडण चुलीचं. रोपाच्या बाबतीत आक्का खोटं बोलायची न्हाई, आसं वाटलं."

मी तिच्या शेजारी बसले. खूप दिवसांनी आम्ही इतक्या जवळ बसलो होतो.

"खोटंच बोलले मी," मी म्हणाले.

"कशापायी? तुमास्नी काय मिळणार हुतं त्यात?"

आता खरं सांगायचंच होतं तर अर्धं कशाला? मी म्हणाले, "दिगू भोसरीला गेला तर जाऊ दे. तू गेलीस तर दोन दिस मला बरंच वाटंल, खोटं कशाला बोलू? पर सुमी जाईल गं. काकू म्हणाली तरी चालंल मला. उंबऱ्यापातूर येऊन पळून गेली तरी चालंल. पर हितं ऱ्हाऊ दे तिला."

समोरच्या पेपरवर दव साचलं होतं, वैजू बोटाने त्यात रेघा ओढत बसली. मग उठली, बोडक्या रोपांतलं एक उचललं, त्याचं बूड चिमटीत धरून बघितलं, अगदी मी बघते तसं.

"टकली दिसत्यात," ती म्हणाली. "आमचं मालक बघतील तर कपाळाला हात लावतील."

"लावू दे."

तेवढ्यात काठी टेकत मामंजी वर आले. त्यांनी एक नजर माझ्या क्रेटावर टाकली, एक हिरव्या क्रेटांवर टाकली.

"हे काय चाललंय? उचललेला वाटा फिरवायचा न्हाई, सांगितलं हुतं मी."

मी तोंड उघडणार, तोच वैजू म्हणाली, "वाटा कोण फिरवतंय, मामंजी? सावड चाललीय. आज आक्का माझ्यात लावणार, उद्या मी त्यांच्यात."

"आन् रोपं?"

"लावताना हाताला जे लागंल ते. मोजत बसलं तर सावड कसली?"

मामंजींनी काठी उगारून आभाळाकडे बघितलं. "मला म्हाताऱ्याला काय दिसतंय? मोतीबिंदू हाय," असं पुटपुटत ते खाली उतरून गेले. त्यांना लांबून येणारी एस्टी कोणत्या गावची ते पाटी वाचून सांगता यायचं.

दोन दिवस आम्ही दोघींनी मिळून लावणी केली. माझी जाड रोपं सगळी वरच्या वावरात गेली, हिरवी सगळी माझ्या खालच्या वावरात आली.

पुढचा महिना मोठा कठीण गेला. माझं रान असं माजलं की येणारा-जाणारा म्हणायचा, "आक्का, तुमच्या हाताला यश हाय." मी हूं म्हणायची. वैजूच्या वावरात काळ्या पेपरवर बोटभर बोटभर खुंट. दिगू माझ्याशी बोलेनासा झाला. पडवीतून त्याचा आवाज ऐकू यायचा, "वैनीनं तुला भोळी बघून गंडवलं. वाटा हिरवा आपला हुता." वैजू त्याला काय सांगायची कोण जाणे. एक दिवस त्याने ट्रंक माळ्यावरून खाली काढली. ती पडवीत सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

त्या दिवशी दुपारी वैजू माझ्या दारात आली. चूल वेगळी झाल्यापासून पहिल्यांदाच. आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली.

"आक्का, खरंच येतील न्हवं?"

"येतील."

"हे खरं सांगताय का उलटं?"

"खरं."

"माझ्या डोक्यावर हात ठिवून सांगा."

मी उठले, पिठाचा हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला. मला खात्री होती म्हणावं, तर मलाच झोप लागत नव्हती. रोप कितीही जाड असलं तरी वर आभाळ आहे, थंडी आहे, कीड आहे. पण ती केसांत पीठ घेऊन तशीच वावरात गेली. चारच दिवसांनी तिची हाक खालपर्यंत ऐकू आली. मी धावत वर गेले. नव्या पानांच्या आत, अगदी गाभ्यात, हिरवी टपोरी कळी बसली होती. शेजारच्या रोपात दुसरी. त्याच्या पलीकडच्यात दोन. वैजू गुडघ्यांवर बसून एकेक रोप बघत रांगत चालली होती, आणि मी तिच्या मागून.

दिवाळी झाली तशी वरचं वावर पांढऱ्या फुलांनी भरलं. पठारावर तेव्हा मोजक्याच रानांत फूल होतं. माझ्या खालच्या वावरात नुसती पानं. लोकांची बोलणी बदलली. "आक्का, तुमचं नुसतं गवातच वाढलंय," असं म्हणायला लागले. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. हिरवळीकडे बघून मीही एखादा उसासा टाकत असे. पण वर जाऊन आले की उसासा विसरायची. ट्रंक अजून पडवीतच होती, मात्र दिगू तिच्यावर बसून चहा प्यायला लागला होता.

दत्तजयंतीच्या दिवशी संध्याकाळी मी देवळात जायला निघाले होते. पाळण्याची वेळ झाली होती, घंटा ऐकू येत होती. केसांना शेवटचा हात फिरवत होते तोच उंबऱ्याशी पावलं वाजली. सुमी. दोन्ही हातांची ओंजळ घट्ट मिटलेली, नाक थंडीने लाल.

मी म्हटलं, आता "काकू" म्हणेल आणि पळेल. ती पळाली नाही. उंबरा ओलांडून आत आली आणि तिने ओंजळ उघडली. आत एकच स्ट्रॉबेरी होती, देठापर्यंत पिकलेली.

"देवाला न्हाई का गं न्यायची?" मी विचारलं.

"देवाची टोपली बाबांनी नेली. मग ते दुकानात फोन करायला जाणार हायत. भोसरीच्या काकांना, येत न्हाई म्हणून सांगायला." मग तिने पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखं एका दमात सांगितलं, "आई म्हणाली, पहिलं फळ मोठ्या आईला दे."

"कुणाला?" मी विचारलं. ऐकू आलं होतं, तरी विचारलं.

"मोठ्या आईला. आन् म्हणाली, आज तिकडंच झोप."

मी तिला फळासकट उचलून कडेवर घेतलं. ती बरीच जड झाली होती. दारात आले तर समोर पडवीत वैजू कमरेवर हात ठेवून उभी होती.

"खरंच सांगितलंय आक्का," ती तिथूनच ओरडली. "उलटं न्हाई!"

मला काहीतरी झणझणीत उत्तर द्यायचं होतं, पण पोरीने तोवर ती स्ट्रॉबेरी माझ्या तोंडात कोंबली होती.